‘फार्मर आणि स्त्री’ : उमेदवार बाईचे नाव छापणे वृत्तपत्रांना इतके जड का गेले?

१/
ऑक्टोबर १९६८. न्यूयॉर्क टाइम्सने ब्रुकलिनमधील एका निवडणुकीची बातमी छापली. तिचा मथळा मराठीत आणायचा तर असा होईल : ‘बेडफर्ड-स्टायव्हेसंटच्या चुरशीच्या लढतीत फार्मर आणि स्त्री’. यातला फार्मर म्हणजे शेतकरी नव्हे. जेम्स फार्मर हे एका उमेदवाराचे नाव. दुसऱ्या उमेदवारालाही नाव होते, शर्ली चिझम. मथळ्यापुरते मात्र ‘स्त्री’ एवढेच पुरेसे मानले गेले.

२/
अशा वेळी संपादकांचा बचाव ठरलेला असतो : मथळ्यात जागा कमी. परंतु त्याच मथळ्यात ‘बेडफर्ड-स्टायव्हेसंट’ हे वस्तीचे लांबलचक नाव सुखाने मावले होते. अडचण अक्षरांची नव्हती.

३/
फार्मर हे नागरी हक्कांच्या चळवळीतले देशभर गाजलेले नाव होते. १९६१ च्या ‘फ्रीडम राइड्स’मागे त्यांची संघटना होती. पण ते त्या मतदारसंघात राहत नव्हते. चिझम तिथेच वाढलेल्या, तिथल्या बालवाड्यांतून काम केलेल्या शिक्षिका. १९६५ पासून न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळात निवडून आलेल्या. वॉशिंग्टनला खंबीर पुरुषाचा आवाज जायला हवा, असा सूर फार्मर यांच्या प्रचाराने लावला होता. मतदारांनी चिझम यांना त्यांच्या दुपटीहून अधिक मते दिली आणि अमेरिकी काँग्रेसमध्ये पहिली कृष्णवर्णीय स्त्री पोहोचली. मथळ्यातली ती ‘स्त्री’ निवडून आली, असेही म्हणता येईल.

४/
स्त्री-उमेदवाराविषयी वृत्तपत्रांत लिंगभेद असतो, असे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शिवीगाळ येते, अचकट-विचकट व्यंगचित्रे येतात. ती होतीच. पण दीडशे वर्षांचा इतिहास पाहता शिवीने झालेले नुकसान लहान वाटते. खरे नुकसान सभ्य, हसऱ्या, कधी कधी कौतुकाच्या भाषेने केले. कारण त्या भाषेविरुद्ध तक्रार करणारी बाई चिडखोर ठरते.

५/
आधी शिवीचे उदाहरण. व्हिक्टोरिया वुडहल. १८७० मध्ये त्यांनी बहिणीसह न्यूयॉर्कच्या ब्रॉड स्ट्रीटवर शेअर दलालीची पेढी उघडली. एप्रिलमध्ये ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ला पत्र लिहून १८७२ च्या राष्ट्राध्यक्षपदासाठी आपली उमेदवारी जाहीर केली. मतदानाचा हक्क देशातल्या बहुसंख्य स्त्रियांना मिळायला अजून ५० वर्षे होती. पण मत देता येत नसले तरी निवडणुकीला उभे राहू नये असे राज्यघटनेत कुठे लिहिले आहे, हा त्यांचा रोकडा सवाल. जानेवारी १८७१ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीपुढे उभे राहून स्त्रियांचा मताधिकार घटनेतच आहे असा युक्तिवादही त्यांनी केला.

६/
फेब्रुवारी १८७२ मध्ये ‘हार्पर्स वीकली’त थॉमस नॅस्ट यांचे व्यंगचित्र आले. नॅस्ट हे त्या काळातले अमेरिकेतले सर्वांत वजनदार व्यंगचित्रकार; न्यूयॉर्कच्या भ्रष्ट राजकारण्यांना त्यांच्या कुंचल्याने घाम फोडला होता. त्यांनी वुडहल यांना शिंगे काढली, वटवाघळासारखे पंख लावले, हातात ‘मुक्त प्रेमा’चा फलक दिला. मागे दारुडा नवरा आणि पोरे पाठीवर वाहणारी एक गरीब स्त्री, आणि ती म्हणते आहे : ‘सैतानबाई’, दूर हो. त्या ‘सैतान’ शब्दाआधी कंसात ‘मिसेस’ घालण्याची तसदीही नॅस्ट यांनी घेतली होती. सैतान झाली तरी बाईची वैवाहिक स्थिती नोंदवलेली बरी!

७/
वुडहल यांच्या उमेदवारीवर खरा आक्षेप घेता आला असता. शपथविधीच्या दिवशी, मार्च १८७३ मध्ये, त्यांचे वय ३४ असते आणि घटनेची अट ३५ ची आहे. त्यांचे काही विचार आणि व्यवहारही वादग्रस्त होते. त्यांच्या साप्ताहिकाने एका प्रतिष्ठित धर्मोपदेशकाचे कथित प्रेमप्रकरण छापले, त्याबद्दल अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांना २ नोव्हेंबर १८७२ रोजी अटक झाली. मतदान ५ नोव्हेंबरला होते. पहिल्या स्त्री-उमेदवाराने मतदानाचा दिवस तुरुंगात काढला. आज लोकांच्या ध्यानात वयाचा घटनात्मक मुद्दा नाही, शिंगे आहेत.

८/
पुढच्या बेल्व्हा लॉकवूड. सर्वोच्च न्यायालयात वकिली करण्याची परवानगी १८७९ मध्ये मिळवणारी पहिली स्त्री. १८८४ मध्ये त्या उभ्या राहिल्या तेव्हा गावोगावचे पुरुष बायकांचे ढगळ झगे घालून ‘मदर हबर्ड’ नावाच्या मिरवणुका काढू लागले आणि त्या मिरवणुकांची वर्णने छापली जाऊ लागली. उमेदवाराने काय सांगितले यापेक्षा पुरुषांनी काय नेसले ही बातमी झाली.

९/
आता सभ्य भाषेकडे. मार्गारेट चेस स्मिथ, मेन राज्याच्या रिपब्लिकन सिनेटर. १९५० मध्ये जोसेफ मॅकार्थी यांच्या दहशतीविरुद्ध सिनेटमध्ये बोलण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, ते पहिल्यांदा सिनेटवर निवडून आल्यानंतर दोनच वर्षांत. २७ जानेवारी १९६४ रोजी त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. भाषण मोठे मिश्कील होते. आपण का उभे राहू नये याची जेवढी कारणे लोक देतात (बाई आहे, पैसा नाही, संघटना नाही, तग धरण्याइतकी ताकद नाही) ती त्यांनी शांतपणे वाचून दाखवली आणि मग म्हणाल्या की, ही कारणे इतकी सबळ आहेत म्हणूनच उभी राहते.

१०/
हे भाषण कुठे झाले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ते झाले ‘विमेन्स नॅशनल प्रेस क्लब’मध्ये. वॉशिंग्टनमधल्या मुख्य नॅशनल प्रेस क्लबमध्ये १९७१ पर्यंत स्त्रियांना सदस्यत्वच नव्हते. १९५५ पासून एवढी सवलत दिली गेली की, पाहुण्यांची भाषणे ऐकायला स्त्री-वार्ताहरांनी वरच्या सज्जात बसावे. खाली पुरुष पत्रकार जेवत, प्रश्न विचारत. वर स्त्रिया दाटीवाटीने उभ्या राहून टिपणे घेत. न्यूयॉर्क टाइम्समधील स्त्रियांच्या लढ्याची हकीकत सांगणाऱ्या नॅन रॉबर्टसन यांच्या ग्रंथाचे नाव या सज्जावरूनच पडले.

११/
उमेदवार बाईचे नाव मथळ्यात का मावत नव्हते, याचे एक उत्तर या सज्जात आहे. मथळा लिहिणाऱ्या टेबलाभोवती स्त्रिया नव्हत्या. ज्या होत्या त्यांना बहुधा ‘महिलांचे पान’ दिलेले असे : पाककृती, विवाहसोहळे, पडदे कोणत्या रंगाचे असावेत इत्यादी. स्त्री राजकारणात उतरली की तिची बातमी करण्यासाठी वृत्तपत्रांजवळ तयार असलेली शब्दसंपत्ती त्या पानाचीच होती. म्हणून पोशाख, केशरचना, स्वयंपाक. हा नेहमीच द्वेष असेल असे नाही. पुष्कळदा तो सवयीचा आळस होता. पण आळसाचा फटका द्वेषाइतकाच बसतो.

१२/
स्मिथ यांच्याबाबतीत चर्चा झाली ती ६६ वर्षे वयाची, चंदेरी केसांची आणि कोटावर रोज खोवलेल्या गुलाबाची. गुलाब ही त्यांचीच खूण होती, हे मान्य करायला हवे. तिचा राजकीय उपयोग त्या जाणून होत्या. पण त्याच काळात त्या सिनेटमधले एकही मतदान चुकवत नव्हत्या. १९५५ ते १९६८ या काळात सलग २,९४१ मतदानांना हजर राहण्याचा विक्रम त्यांच्या नावावर आहे आणि प्रचाराला वेळ कमी पडला तो बराचसा यामुळेच. ज्या बाईला तग धरण्याची ताकद नाही असे म्हटले जात होते तिचे हे हजेरीपुस्तक. जुलै १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात त्यांना पहिल्या फेरीत २७ प्रतिनिधींची मते मिळाली. मोठ्या पक्षाच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदासाठी रीतसर नाव सुचवले गेलेली ती पहिली स्त्री.

१३/
पुन्हा चिझम. २५ जानेवारी १९७२, ब्रुकलिनमधले कॉन्कॉर्ड बॅप्टिस्ट चर्च. आपण केवळ कृष्णवर्णीयांच्या किंवा केवळ स्त्रियांच्या उमेदवार नाही, जनतेच्या आहोत, असे त्यांनी ठासून सांगितले. त्या दिवशी सीबीएसच्या बातम्यांत वॉल्टर क्रॉन्काइट यांनी ही वार्ता दिली. क्रॉन्काइट म्हणजे अमेरिकेतला सर्वांत विश्वासू मानला गेलेला आवाज. निवडणुकीत उतरण्याला तिकडे ‘रिंगणात टोपी फेकणे’ म्हणतात. क्रॉन्काइट म्हणाले, आज शर्यतीत एक नवी टोपी पडली आहे, छे, टोपी कसली, बॉनेट म्हणायला हवे. बॉनेट म्हणजे हनुवटीखाली फीत बांधायची बायकांची जुनी टोपी.

१४/
निरुपद्रवी विनोद? एकटा घेतला तर होय. क्रॉन्काइट हे चिझम यांचे शत्रू नव्हते. पण बातमीचे पहिले वाक्य श्रोत्याला सांगते की पुढचे कोणत्या कानाने ऐकायचे. ‘टोपी’ ऐकून तो सावरून बसतो; ‘बॉनेट’ ऐकून स्मित करतो. व्हिएतनाममधून सैन्य मागे घेणे, कष्टकरी आयांच्या मुलांसाठी सरकारी खर्चाने पाळणाघरे (बेला ॲबझग यांच्यासह त्याचे विधेयकही चिझम यांनी मांडले होते) हे सगळे त्या स्मितानंतर कानावर पडायचे होते.

१५/
आणि पुष्कळदा ते पडलेच नाही. कॅलिफोर्नियाच्या प्राथमिक निवडणुकीआधी दूरचित्रवाणी कंपन्यांनी ह्युबर्ट हम्फ्री आणि जॉर्ज मॅकगव्हर्न यांचे वादविवाद ठेवले. चिझम यांना बोलावले नाही. त्यांनी दळणवळण आयोगाकडे दाद मागितली, न्यायालयात गेल्या, आणि निकाल आपल्या बाजूने लावून घेऊन प्रक्षेपणाची वेळ मिळवली. पैसा नसलेल्या उमेदवाराला पडद्यावर दिसण्यासाठी वकील लागला. ‘गंभीर उमेदवार नाही’ म्हणून प्रसिद्धी नाही, आणि प्रसिद्धी नाही म्हणून ‘गंभीर उमेदवार नाही’, असे हे चक्र आहे. तरीही मायामीच्या अधिवेशनात त्यांच्या पदरात १५२ प्रतिनिधींची मते पडली.

१६/
एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे : सगळे खापर वृत्तपत्रांवर फोडता येत नाही. कृष्णवर्णीय पुरुष नेत्यांतले बरेच चिझम यांच्यापासून लांब राहिले आणि स्त्री-चळवळीतल्या काहींनी त्यांच्याबरोबरच मॅकगव्हर्न यांनाही पाठिंबा देऊन ठेवला. आपल्याला कृष्णवर्णीय म्हणून जेवढा त्रास झाला त्याहून अधिक स्त्री म्हणून झाला, असे चिझम पुढे वारंवार म्हणत. वृत्तपत्रे समाजाच्या बाहेर नसतात. पण समाजाचे पूर्वग्रह रोज सकाळी लाखो घरांत पोहोचवण्याची सोय मात्र त्यांच्याचकडे असते.

१७/
१९८४. डेमोक्रॅटिक पक्षाने जेराल्डिन फेरारो यांना उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. अधिवेशनातील त्यांच्या आगमनाच्या थेट प्रक्षेपणात एनबीसीच्या निवेदनात त्यांच्या कपड्यांचे मापही सांगितले गेले : साइज सिक्स. मिसिसिपीच्या दौऱ्यात राज्याच्या वयोवृद्ध कृषी आयुक्तांनी विचारले, ब्लूबेरी मफिन भाजता येतात का? फेरारो म्हणाल्या, येतात की, तुम्हाला येतात का? आयुक्त उत्तरले की आमच्याकडे पुरुष स्वयंपाक करत नाहीत. मफिनची ही गोष्ट इतक्या वेळा छापली गेली की त्या दौऱ्यात शेतीविषयी काय बोलणे झाले हे शोधायला चिकाटी लागते. पुढे दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत थेट विचारले गेले की, अण्वस्त्राचे बटण दाबण्याइतक्या त्या खंबीर आहेत का.

१८/
सर्वांत मौजेचा, आणि सर्वांत बोलका, पेच मात्र संबोधनाचा. फेरारो हे त्यांचे माहेरचे आडनाव. कष्टाने वाढवणाऱ्या विधवा आईच्या सन्मानार्थ त्यांनी ते लग्नानंतरही राखले. नवरा जॉन झकारो. न्यूयॉर्क टाइम्सच्या नियमाप्रमाणे विवाहित स्त्री ‘मिसेस’, अविवाहित ‘मिस’. ‘मिसेस फेरारो’ चूक, कारण त्या कुणा फेरारोची पत्नी नव्हत्या, त्या नावाची त्यांची आईच होती. ‘मिस फेरारो’ चूक, कारण लग्न झालेले. ‘मिसेस झकारो’ लिहावे तर त्या कोण हे वाचकाला कळेना. ‘मिझ’ हा सरळ तोडगा उपलब्ध होता, पण वृत्तपत्राला तो मंजूर नव्हता. शब्दांच्या बाबतीत कर्मठ मानले जाणारे विल्यम सफायर यांनीही ऑगस्ट १९८४ मध्ये आपल्या स्तंभात ‘मिझ’ची बाजू घेतली. संपादकांनी चुकीचे ‘मिसेस फेरारो’ छापणे पसंत केले आणि ‘मिझ’ स्वीकारला तो २० जून १९८६ रोजी, निवडणूक आटोपून दीड वर्षाने. मराठी वाचकाला हा पेच समजावून सांगायला नको. ‘सौ.’, ‘श्रीमती’ आणि ‘कु.’ यांच्यातून एक निवडल्याशिवाय ज्या भाषेत लग्नपत्रिका छापून होत नाही, त्या भाषेला तो आतून ठाऊक आहे. पुरुषाला एक ‘श्री.’ जन्मभर पुरतो.

१९/
येथे एक फरक काटेकोरपणे करायला हवा. फेरारो यांच्या पतीच्या मालमत्ता-व्यवहारांविषयी आणि करपत्रांविषयी पत्रकारांनी जे प्रश्न लावून धरले ते लिंगभेदाचे नव्हते. उच्चपदाच्या उमेदवाराच्या घरातला पैसा कुठून येतो, हे मतदाराने विचारायलाच हवे. फेरारो यांनीही ऑगस्टमध्ये प्रदीर्घ पत्रकार परिषद घेऊन प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले आणि तिच्यातून त्यांची पत सावरली. कठोर प्रश्न हा अपमान नसतो. उलट, कठोर प्रश्न विचारणे म्हणजे त्या व्यक्तीला सत्तेच्या दावेदाराप्रमाणे वागवणे. मफिनचा प्रश्न आणि करपत्राचा प्रश्न एकाच पारड्यात घालणारे स्त्री-उमेदवारांचे भले करत नाहीत.

२०/
एरिका फॉक यांनी ‘विमेन फॉर प्रेसिडेंट’ (२००८) या ग्रंथात वुडहल यांच्यापासून पुढच्या स्त्री-उमेदवारांच्या वार्तांकनाची तुलना पुरुष उमेदवारांशी केली. स्त्रियांविषयी कमी लिहिले गेले. जे लिहिले गेले त्यात धोरणे कमी आणि रूप जास्त. त्यांचे आणखी एक निरीक्षण अधिक खोल आहे : प्रत्येक वेळी स्त्री-उमेदवार ‘पहिली’ म्हणून सादर होते. शंभर वर्षे उलटली तरी पहिलीच. हे कौतुक वाटते, पण त्यातून आधीच्या सगळ्या पुसल्या जातात आणि नवी उमेदवार परंपरा नसलेले नवल होऊन बसते. १८८४ मधल्या लॉकवूड आज किती जणांना ठाऊक आहेत?

२१/
भारतात हे घडले नाही असे कुणी म्हणू नये. जानेवारी १९६६ मध्ये काँग्रेस संसदीय पक्षात मोरारजी देसाईंचा ३५५ विरुद्ध १६९ मतांनी पराभव करून इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या. ‘टाइम’च्या मुखपृष्ठावरची ओळ होती : संकटग्रस्त भारत एका स्त्रीच्या हाती. इकडे ‘गूंगी गुडिया’ हे लोहियांच्या नावे सांगितले जाणारे विशेषण प्रचलित झाले आणि काही वर्षांत ‘मंत्रिमंडळातला एकमेव पुरुष’ हे दुसरे. पहिली निंदा, दुसरी स्तुती. पण दोन्हींतले गृहीतक एकच : राज्य करणे हे पुरुषाचे काम, बाई एकतर ते करू शकत नाही, किंवा करत असेल तर ती बाई नव्हे. त्यांच्या धोरणांवर टीका करायला, विशेषतः १९७५ नंतर, जागा भरपूर होती. त्यासाठी बाहुलीची गरज नव्हती.

२२/
याला छेद देणारे नाव मराठी मुलखातलेच आहे. गोरेगावच्या मृणाल गोरे. मुंबईच्या वस्त्यांना नळाचे पाणी मिळावे म्हणून त्यांनी महापालिकेत आणि रस्त्यावर जो लढा दिला, त्यातून लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. अहिल्या रांगणेकरांसह काढलेल्या महागाईविरोधी मोर्चांत बायकांनी लाटणी उगारली ती स्वतःहून. त्यांच्या हातात ती कुणा वार्ताहराने ठेवली नव्हती. १९७७ मध्ये गोरे उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या, तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा घुमली. दोघींनाही ‘बाई’च म्हटले आहे, तरी ते नाव बोचत नाही, कारण गोरे यांच्या नावाला जोडलेला शब्द त्यांच्या कामाचा आहे. त्यात नवरा नाही, साडी नाही, माप नाही.

२३/
तिथून २०२४ च्या बारामतीपर्यंत यावे. सुप्रिया सुळे तीन वेळा निवडून आलेल्या खासदार, समोर सुनेत्रा पवार. पाण्याचे, उसाचे, पक्षफुटीचे केवढे प्रश्न त्या मतदारसंघात होते! मराठी वाहिन्यांनी आणि वृत्तपत्रांनी या लढतीला दिलेले सर्वांत लाडके नाव होते ‘नणंद विरुद्ध भावजय’. घराण्याचे राजकारण होते, म्हणून नात्याचा उल्लेख अपरिहार्य होता, हे खरे. पण पवार घराण्यातल्या काका-पुतण्याचा संघर्ष जेव्हा सांगितला जातो तेव्हा तो डावपेचांचा इतिहास होतो. नणंद-भावजयीचा होताच त्याला मालिकेचे शीर्षकगीत जोडले जाते.

२४/
२६ जुलै २०१६ रोजी फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात हिलरी क्लिंटन यांची राष्ट्राध्यक्षपदासाठी निवड झाली. अमेरिकेच्या मोठ्या पक्षाने स्त्रीला ही उमेदवारी दिल्याची ती पहिली वेळ. दुसऱ्या दिवशी देशातल्या अनेक प्रमुख वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर या ऐतिहासिक बातमीसोबत मोठे छायाचित्र होते बिल क्लिंटन यांचे. त्या रात्री भाषण पतीचे झाले होते. हिलरी सभागृहात प्रत्यक्ष नव्हत्या, पडद्यावरून बोलल्या होत्या. त्यांचे जुने छायाचित्र एकाही वृत्तपत्राच्या संग्रहात नसेल, असे मानणे मात्र कठीण आहे.